कॅरी ते ऑस्टिन गाडीने: वाटेत त्या त्या प्रांताचा खरा बार्बेक्यू कसा शोधायचा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून टेक्सासात, ऑस्टिनजवळ राहायला जातोय. सामान ट्रकने जाईल, आम्ही गाडीने. साधारण साडेतेराशे मैल, हाताशी चार दिवस. ढोबळ रस्ता असा: आय-४० ने अ‍ॅशव्हिल, नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक, मग आय-३० ने डॅलस आणि आय-३५ ने खाली.

हायवेच्या प्रत्येक एक्झिटला तीच चार साखळी दुकानं आणि तेच बर्गर. पण या रस्त्यावर अमेरिकेतले बार्बेक्यूचे, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेल्या मांसाचे, तीन-चार वेगवेगळे प्रांत लागतात आणि त्यांच्यामधून नुसतं निघून जायचं माझ्या जिवावर आलंय. डुक्कर कुठे, गाय कुठे, चटणी-सॉस कुठे कसला हे ढोबळ माहीत आहे. प्रश्न असा की अनोळखी गावात खरं दुकान ओळखायचं कसं, आणि प्रवासाच्या वेळेत ते बसवायचं कसं?

गाडीत चार माणसं. मी सगळं खातो. बायको बीफ खात नाही, पोर्क चालतं. मुलगी नऊ वर्षांची, तिला चिकन दिसलं की पुरे. आणि आई सांगलीहून आलीय, ती शुद्ध शाकाहारी.

वाटसरू
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा वाचनखुणेत टाकला.

मधुरा_अटलांटा
गूगलवर साडेचारच्या वर रेटिंग आणि हजाराच्या वर अभिप्राय असले की आम्ही जातो. इतका विचार करत नाही. लहान मुलं गाडीत असली की स्वच्छ बाथरूम आणि पार्किंग हे दोन निकष आधी.

ओकचा_ओंडका
मधुराताई, बाथरूमबद्दल शंभर टक्के सहमत. रेटिंगबद्दल नाही. हायवेला लागून असलेल्या मोठ्या दुकानाला हजारो लोक पाच तारे देतात, कारण ते भुकेले असतात आणि तिथे गोड सॉस भरपूर मिळतो. त्यावरून मांस कशावर शिजलं ते कळत नाही.

मी ह्यूस्टनला राहतो, घरी मागच्या अंगणात पिट (मांस धुरावायची भट्टी) आहे, दर शनिवारी लाकूड फोडतो. त्यामुळे माझा निकष एकच: लाकूड. दुकानाच्या मागे चक्कर मारा. रचलेली लाकडं दिसली पाहिजेत, आणि ती वापरात असली पाहिजेत. एका बाजूने ढीग खाल्लेला, खाली सालींचा भुगा, जवळ राख काढायचं फावडं. दर्शनी भागात शोभेला मांडलेले दोन ओंडके चालणार नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता गॅसवर चालणारी स्टीलची कपाटं असतात, त्यात धुरापुरता एखादा ओंडका टाकतात. मांस मऊ होतं, पण आचेची चव येत नाही.

दुसरं, कोणतं लाकूड ते विचारा. कॅरोलायना, टेनेसी, अलाबामाकडे हिकरी, थोडा ओक. मध्य टेक्सासात पोस्ट ओक. पश्चिम टेक्सासात मेस्कीट, त्याचा धूर कडक असतो म्हणून तिकडे निखाऱ्यांवर थेट भाजतात. काउंटरवरचा माणूस लाकडाचं नाव ताबडतोब सांगतो की आत जाऊन विचारून येतो, एवढ्यावरून निम्मी परीक्षा होते.

पिठलं_भाकर
आईंसाठी लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही दक्षिणेत बरंच फिरलोय.

साइड डिश म्हणजे शाकाहारी असं कृपया धरू नका. बीन्समध्ये बेकन किंवा ब्रिस्केटचे (गाईच्या छातीच्या मांसाचे) तुकडे असतात. कोलार्ड ग्रीन्स ही दिसायला आपली पालेभाजी, पण तिच्यात डुकराच्या मांडीचं धुरावलेलं हाड घालून ती तासन्‌तास शिजवलेली असते. फरसबीसुद्धा तशीच. कॉर्नब्रेडला काही ठिकाणी डुकराची चरबी लावतात. हशपपीज म्हणजे मक्याच्या पिठाची, कांदा घातलेली भजी. पिठात अंडं असतं, शिवाय तेल कशाकशाला वापरलंय ते विचारावं लागतं.

बहुधा चालणारं: मॅक अँड चीज, भाजलेलं रताळं किंवा बटाटा, पीच कॉबलर. अंडं चालत नसेल तर पोटॅटो सॅलड आणि नेहमीचं पांढरं कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) सोडा, दोन्हींत मेयोनेज असतं. आणि एक ध्यानात ठेवा, नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनकडचं लाल स्लॉ व्हिनेगर आणि केचपमधलं असतं, त्यात मेयोनेज नाही. ते सासूबाई आवडीने खायच्या, कोशिंबिरीसारखं.

तरीही घरून धपाटे, दाण्याची चटणी आणि दशम्या घ्याच. जूनच्या उन्हात दही मात्र कूलरमध्ये. बहुतेक बार्बेक्यूवाल्यांकडे बाहेर बाकं असतात, तिथे कुणी काही म्हणत नाही; आत बसणार असाल तर एकदा विचारून घ्यावं. सासूबाईंनी डबा उघडला की शेजारच्या टेबलावरची माणसं चौकशी करायची, आणि धपाटा देऊन बदल्यात बनाना पुडिंग यायचं.

कोल्हापुरी_ठसका
धपाट्याच्या बदल्यात रिब्ज मिळत असतील तर मी पण येतो. गाडीत पाचवी सीट आहे का?

कृष्णाकाठ
@पिठलं_भाकर, ताई, हे फार कामाचं. कोलार्ड ग्रीन्स मी आईला बिनधास्त दिली असती.
@कोल्हापुरी_ठसका, पाचव्या सीटवर कुकर आणि देव आहेत.

जेम्सनदी
लेक्सिंग्टनचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही कॅरीला राहता म्हणजे ईस्टर्न आणि लेक्सिंग्टन हे भांडण ऐकून असाल, पण बाकीच्यांसाठी लिहितो.

नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर रात्रभर शिजवतात, बारीक चिरतात आणि व्हिनेगर-मिरचीचं पातळ पाणी घालतात. टोमॅटो औषधालाही नाही. मधल्या पीडमाँट पट्ट्यात, म्हणजे लेक्सिंग्टनला, फक्त खांदा घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप जातं. त्याला तिथे डिप म्हणतात. पूर्वेचा नमुना म्हणजे एडन गावातलं स्कायलाइट इन, १९४७ पासूनचं. छपरावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा घुमट बांधलाय. कागदी पुडक्यात चिरलेलं मांस, त्यात कुरकुरीत कातडीचे कण मिसळलेले, वर चपटा कॉर्नब्रेड आणि स्लॉ. कॅरीहून दीडेक तास, पण उलट्या दिशेला. राज्य सोडण्याआधीच्या एखाद्या शनिवारी स्वतंत्र जाऊन या.

लेक्सिंग्टन मात्र तुमच्या वाटेवरच आहे, आय-८५ ला. अगदी थोडी वाट वाकडी होते. गाव लहान, बार्बेक्यूची दुकानं डझनावारी, आणि ऑक्टोबरात १९८४ पासून बार्बेक्यूची जत्रा भरते. लेक्सिंग्टन बार्बेक्यू नावाचंच १९६२ पासूनचं दुकान आहे. तिथे 'कोर्स चॉप्ड, आउटसाइड ब्राउन' असं मागा: जाड चिरलेलं, वरचा करपट तपकिरी भाग जास्त. रविवारी बंद.

निशिगंध
रविवार हा या सगळ्या धाग्यातला सर्वांत मोठा मुद्दा आहे आणि तो एका ओळीत निघून गेला. दक्षिणेतली जुनी बार्बेक्यूची दुकानं रविवारी बंद असतात, कित्येक सोमवारीही. आधी कॅलेंडर घ्या, मग नकाशा.

ओकचा_ओंडका
+१. आणि वाराइतकीच वेळ महत्त्वाची. ही माणसं आदल्या रात्री जेवढं चढवतात तेवढंच विकतात. ब्रिस्केटला सव्वादोनशे ते पावणेतीनशे फॅरनहाइटला बारा-चौदा तास लागतात, दुपारी गर्दी वाढली म्हणून नवीन टाकता येत नाही. त्यामुळे दोन-अडीचला फळ्यावरच्या एकेका नावावर काट पडायला लागते. हायवेवरून रात्री आठला भुकेलं पोचणाऱ्याला चांगला बार्बेक्यू क्वचितच मिळतो. हे सकाळी अकराचं जेवण आहे. त्यामुळे नाश्ता हलका, अकराला पोटभर, रात्री मोटेलवर धपाटे.

आणि निघताना फोन करा. संकेतस्थळावरच्या वेळा जुन्या असतात. फोनवर विचारायचं, 'आज काय शिल्लक आहे?' बहुतेक जण आनंदाने सांगतात, काही जण नावावर बाजूलाही ठेवतात.

शालिनी_प्लेनो
एक सांगू का, रागावू नका कुणी. आपल्या संस्थळावर ब्रिस्केटच्या गोष्टी वाचताना मला त्रास होतो. प्रत्येकाने काय खावं हे मी सांगत नाही, पण जे बीफ खात नाहीत त्यांनाही कळेल असं लिहा ना. आमच्या घरी बीफ नाही, पोर्क नाही. म्हणजे आम्ही हा प्रवास करायचाच नाही का?

ओकचा_ओंडका
शालिनीताई, रागावण्यासारखं काहीच नाही, तुमचा प्रश्न रास्त आहे. टेक्सासात तुम्ही टर्की मागा. मध्य टेक्सासातल्या चांगल्या दुकानांत टर्कीचं ब्रेस्ट ओकच्या धुरात, मीठ-मिरी लावून करतात आणि ते इतकं रसाळ असतं की थँक्सगिव्हिंगची कोरडी टर्की विसरून जाल. फक्त एक, पाट आणि सुरी तीच असते. ते चालत नसेल तर डॅलस आणि ह्यूस्टनकडे आता हलाल टेक्सास बार्बेक्यू करणारी दुकानं आहेत, तिथे डुक्कर नसतंच. बीफ मात्र असतं.

रॉकेट_सिटी
शालिनीताई आणि कृष्णाकाठ, दोघांसाठीही उत्तर आमच्या अलाबामात आहे!

मी हंट्सव्हिलला असतो. आमच्या शेजारी डिकेटर नावाचं गाव आहे. तिथे १९२५ साली बॉब गिब्सन यांनी बार्बेक्यू सुरू केला, बिग बॉब गिब्सन या नावाने अजून चालू आहे. त्यांची खासियत चिकन. अख्ख्या कोंबड्या हिकरीवर धुरावतात आणि पिटमधून काढल्या काढल्या पांढऱ्या सॉसच्या भांड्यात बुडवून काढतात. मेयोनेज, व्हिनेगर, भरपूर काळी मिरी. आंबट, तिखटसर, चिकनच्या आतपर्यंत मुरलेलं. पांढरा सॉस आता अमेरिकेत बाटलीतून सगळीकडे मिळतो, पण धुरातून आलेलं चिकन त्यात बुडताना बघायचं तर इथेच. लेकीला हेच द्या.

आणि हे नुसतं गावाचं प्रेम म्हणून सांगत नाहीये, रस्ताही जमतो. नॉक्सव्हिलहून नॅशव्हिलला जाऊच नका. आय-७५ ने चॅटनूगा, तिथून आय-२४ वरून यूएस-७२ धरून स्कॉट्सबरो, हंट्सव्हिल, डिकेटर. जेवून पुन्हा यूएस-७२ धरला की तो पश्चिमेला थेट मेम्फिसला जातो. आय-४० पेक्षा थोडा जास्त वेळ लागेल, पण ट्रकांच्या रांगा नाहीत आणि टेनेसी नदीचा शेजार आहे. शिवाय हंट्सव्हिलला सॅटर्न-५ रॉकेट बघता येईल, मुलगी खूश.

कृष्णाकाठ
रॉकेट आणि चिकन एकाच दिवशी म्हणजे आमच्या घरातलं मतदान संपलंच. नॅशव्हिल रद्द.

मेम्फिसचा_मुकुंद
मेम्फिसला रात्री मुक्काम असेल तर दोन सूचना. रिब्ज इथे ओल्या आणि कोरड्या अशा दोन मिळतात. ओल्या म्हणजे सॉस लावलेल्या, कोरड्या म्हणजे वरून मसाला भुरभुरलेल्या. कोरड्यांसाठी लोक डाउनटाउनमधल्या गल्लीतल्या रांदेव्हू या तळघरातल्या दुकानात जातात, १९४८ चं. लाल मसाला, त्यात ओरेगॅनोसारखा ग्रीक स्वाद, कारण मालक कुटुंब ग्रीक. आपल्या जिभेला कोरडा मसाला ओळखीचा वाटतो.

दुसरं, शालिनीताईंसारख्यांसाठी: कोझी कॉर्नर. १९७७ पासूनचं. तिथे अख्खी कॉर्निश हेन, म्हणजे लहानखुरी कोंबडी, धुरावून देतात. एकाला एक पुरते.

ओकचा_ओंडका
मुकुंदराव, रांदेव्हूच्या रिब्ज कोळशावर तासाभरात भाजतात हो. मंद आच नाही, लाकूड नाही. तो बार्बेक्यू कसा?

मेम्फिसचा_मुकुंद
तुमच्याच राज्यात लॅनो गावी कूपर्स नावाचं दुकान आहे ना, मेस्कीटच्या निखाऱ्यांवर थेट भाजतात. त्याला तुम्ही पंक्तीतून उठवलंय का? एका गावाने पाऊणशे वर्षं एक गोष्ट मनापासून केली आणि पोरं-नातवंडं तीच खात मोठी झाली, की ती त्या गावाची. तापमापक लावून पंक्ती ठरवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ओकचा_ओंडका
लॅनोचा मुद्दा मान्य. तरी तासाभरात झालेल्या रिबमध्ये हाडाजवळचा तो मऊपणा येत नाही, हे मी म्हणणारच.

रेवदंडा
निखाऱ्यांचा विषय निघाला की मला थंडीतली पोपटी आठवते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून, अंडी, परत पाला. तोंड बंद करून मडकं उपडं आणि भोवती जाळ. आमच्याकडेही पाला कुठला यावर तडजोड नाही. भांबुर्डी नसेल तर पोपटी लावायचीच नाही. टेक्सासवाल्यांचं ओकचं वेड मला त्यामुळे पटकन समजलं.

कोल्हापुरी_ठसका
रात्रीचे अकरा वाजलेत आणि हे पोपटीचं वर्णन. अ‍ॅडमिन, अशा प्रतिसादांवर वेळेचं बंधन घाला.

वाटसरू
न्यू जर्सीत भांबुर्डी कुठे मिळेल? (गंभीर प्रश्न.)

रेवदंडा
नाही मिळणार. जानेवारीत अलिबागला या.

कान्सासची_कन्या
तुमच्या रस्त्यावर नाही हे माहीत आहे, तरी कॅन्सस सिटीचं नाव न घेता हा धागा पूर्ण होऊ देणार नाही. १९०८ च्या सुमाराला हेन्री पेरी नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने इथे धुरावलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली. आर्थर ब्रायंट्स या इथल्या दुकानाची परंपरा थेट त्यांच्यापर्यंत जाते. ब्रिस्केटच्या टोकाचे करपलेले तुकडे, बर्न्ट एंड्स, इथलेच. आणि सगळ्यात लांब रांग लागते ती चक्क पेट्रोल पंपातल्या जोज कॅन्सस सिटी या दुकानात. म्हणून जागा बघून ठरवू नका, पंपावरसुद्धा अप्रतिम मिळू शकतं.

जेम्सनदी
हेन्री पेरींचं नाव आलं ते बरं झालं. हायवेवर आपण मालकाचं आडनाव असलेल्या पाट्या बघतो, पण रात्रभर पिटजवळ उभं राहून ही विद्या जपली ती फार मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय पिटमास्टरांनी, आणि त्यांची दुकानं मुख्य रस्त्यापासून आत, बिनजाहिरातीची असतात. रेटिंगच्या यादीत ती खाली राहतात, शोधावी लागतात.

कृष्णाकाठ, तुमच्या वाटेवरच आर्कान्सामध्ये मेरियाना गाव आहे. मेम्फिसहून तासाभराच्या आसपास, आय-४० वरून फॉरेस्ट सिटीला दक्षिणेकडे वळायचं. तिथलं जोन्स बार-बी-क्यू डायनर २०१२ साली खाद्यक्षेत्रातले मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने अमेरिकेच्या क्लासिक्समध्ये निवडलं. २०२१ मध्ये आग लागून मोठं नुकसान झालं, पण ते पुन्हा उभं राहिलं. मिळतं काय? हिकरी-ओकवर रात्रभर शिजलेला पोर्क शोल्डर, साध्या पांढऱ्या ब्रेडमध्ये, व्हिनेगरचा सॉस, हवं तर स्लॉ. बस. सकाळी लवकर उघडतं आणि संपलं की बंद. दुपारी जाऊन उपयोग नाही.

शोधण्यासाठी दोन चांगले आधार: नॉर्थ कॅरोलायना बार्बेक्यू सोसायटीचा ऐतिहासिक बार्बेक्यू मार्ग, त्यात लाकडावर किंवा कोळशावर शिजवणारी जुनी दुकानं आहेत, आणि मिसिसिपी विद्यापीठातल्या सदर्न फूडवेज अलायन्सने राज्याराज्यांतल्या पिटमास्टरांच्या घेतलेल्या मुलाखती. गावाचं नाव टाकून त्या वाचल्या की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

मधुरा_अटलांटा
जेम्सनदी, त्या मुलाखती कालपासून वाचतेय, थांबवत नाही. तरी माझा रेटिंगचा आग्रह थोडा शिल्लक आहे: तारे न बघता फोटो बघावेत. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मागचा धुराडा आणि कागदावर कापलेलं मांस दिसतं का ते बघायचं.

ओकचा_ओंडका
फोटोंचा मुद्दा आवडला. त्यात अजून एक: ब्रिस्केटच्या कडेला गुलाबी कड दिसते. नवीन माणसाला ते कच्चं वाटतं. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला चिकटतात म्हणून तो रंग टिकतो. परत पाठवू नका.

आता टेक्सास. लॉकहार्टला जाच. १९९९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याला टेक्सासची बार्बेक्यू राजधानी म्हटलं. क्रॉइत्झ मार्केट १९०० चं, ब्लॅक्स १९३२ चं. क्रॉइत्झच्या वारसांत भाऊ-बहिणीचं जमेना, तेव्हा १९९९ मध्ये भावाने नवी इमारत बांधली आणि जुन्या पिटमधले निखारे घमेल्यातून रस्त्याने ओढत नव्या पिटमध्ये नेले. जुन्या इमारतीत आता स्मिटीज आहे, भिंती धुराने काळ्याभोर झालेल्या. हे मूळचे जर्मन खाटीक. न विकलेलं मांस धुरावून कागदावर विकायचे, म्हणून अजूनही मांस वजनावर, बुचर पेपरवर, सोबत ब्रेड, कांदा, लोणचं. माणशी पाव ते अर्धा पौंड मागा. नामांकित ठिकाणी ब्रिस्केट पौंडाला तीस डॉलरच्या वर गेलंय. शनिवार जमला तर टेक्सासातल्या लेक्सिंग्टनचं स्नोज, फक्त शनिवारी, सकाळी आठला उघडतं. १९३५ साली जन्मलेल्या टूटसी टोमॅनेट्झ यांनी तिथल्या पिटचं नाव देशभर केलं. टेक्सास मंथली मासिकाने २००८ मध्ये त्याला राज्यात पहिला क्रमांक दिला.

निशिगंध
जीपीएसमध्ये राज्य नीट टाका. बार्बेक्यूची लेक्सिंग्टन नॉर्थ कॅरोलायनात आहे, टेक्सासात आहे आणि टेनेसीतही आहे.

आणि ओंडकाभाऊंचा मान राखून एक विरोधी मत. कृष्णाकाठ टेक्सासात राहायला जातायत. ब्रिस्केट त्यांना पुढे हव्या त्या शनिवारी मिळणार आहे. या चार दिवसांत पोटात जागा मोजकीच, ती जे मागे राहणार त्यासाठी वापरा. लेक्सिंग्टनचा खांदा, डिकेटरचं चिकन, मेम्फिसच्या रिब्ज, मेरियानाचं सँडविच. सगळीकडे सगळं मागवायचं नाही. ज्या गावाची जी वस्तू, तीच एक. अलाबामात ब्रिस्केट आणि टेक्सासात पुल्ड पोर्क मागून मग 'काही खास नाही' म्हणणारे लोक मला भेटतात, त्यांना माझं हेच सांगणं असतं.

ओकचा_ओंडका
निशिगंध, मनापासून मान्य. स्नोज नंतर आपण सगळे मिळून करू. पहाटे पाचला रांगेत भेटा.

कृष्णाकाठ
तर असं ठरतंय. गुरुवारी सकाळी निघून अकराला लेक्सिंग्टन, रात्री नॉक्सव्हिल. शुक्रवारी डिकेटर, रॉकेट, रात्री मेम्फिसला पोचून कोरड्या रिब्ज. शनिवारी भल्या सकाळी मेरियाना, मग आय-३० ने डॅलसपर्यंत. रविवारी फक्त गाडी चालवायची, त्यामुळे रविवारच्या कुलपांचा त्रास नाही.

जेम्सनदी
उत्तम. एकच: अ‍ॅशव्हिलच्या पुढे पिजन नदीच्या घळीत आय-४० चा रस्ता २०२४ च्या हेलीन वादळात खचला होता. निघायच्या दिवशी तिथली स्थिती बघून घ्या, वेळ हाताशी ठेवा.

कृष्णाकाठ
पोचलो मंडळी! धागा वर काढतोय, कारण वृत्तांत देणं लागतो.

लेक्सिंग्टनचा आउटसाइड ब्राउन काय वर्णावा. कडेचे करपट तुकडे, आंबट डिप, मध्येच लाल स्लॉ. आईने ते स्लॉ दोनदा मागून घेतलं आणि धपाट्याबरोबर खाल्लं. पिठलंभाकरताई, तिने तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत. डिकेटरला चिकन बुडवताना बघायला लेक काउंटरशी उभी राहिली, आतल्या माणसाने तिला मुद्दाम जवळून दाखवलं. बायकोचं मत मेम्फिसच्या कोरड्या रिब्जना. माझं मेरियानाला. इतकं साधं सँडविच, ब्रेड बोटाखाली दबून जातो आणि मांसाला लाकडाचा वास. आम्ही आठच्या आत पोचलो होतो, आमच्या मागे थोडीच माणसं आली आणि खिडकीवर संपल्याची पाटी लागली. फोन करण्याचा सल्ला सगळीकडे उपयोगी पडला.

एक भर माझ्याकडून. प्रत्येक ठिकाणी पैसे देताना विचारलं, 'या रस्त्याने पुढे तुम्ही स्वतः कुठे खाता?' सगळ्यांनी गावं सांगितली, एकाने नकाशा कागदावर काढून दिला. यादीत नसलेली दोन नावं तशी मिळाली, ती परतीच्या प्रवासासाठी ठेवलीत.

शालिनी_प्लेनो
वाचून फार छान वाटलं. आम्ही सप्टेंबरात शिकागोहून नॅशव्हिलला गाडीने जाणार आहोत. बीफ-पोर्क नाही. वाटेत आमच्यासाठी काही?

जेम्सनदी
शालिनीताई, तुमच्यासाठी तर खास प्रांत आहे: केंटकीतलं ओवेन्सबरो. तिथे मेंढीचा बार्बेक्यू करतात. १८१६ च्या आयात करामुळे लोकरीला भाव आला, मेंढ्या वाढल्या, आणि म्हाताऱ्या मेंढीचं चिवट मांस हिकरीवर रात्रभर ठेवायची रीत पडली. मूनलाइट बार-बी-क्यू इनमध्ये बुफे असतो, म्हणजे मुलांना चव बघून ठरवता येतं. ओल्ड हिकरी १९१८ पासूनचं. वास जरा उग्र असतो, काळा आंबटसर सॉस सोबत घ्या. बर्गू नावाचा घट्ट रस्सा मिळतो, पण त्यात कोणकोणतं मांस आहे ते आधी विचारा. एव्हन्सव्हिलवरून खाली या, जेवा आणि आय-१६५ ने बोलिंग ग्रीनला आय-६५ ला लागा. नॅशव्हिल तिथून तासाभरावर.

कोल्हापुरी_ठसका
मेंढीचं मांस, रस्सा आणि बुफे! हे इतके दिवस कुणी का सांगितलं नाही? शालिनीताई, पाचवी सीट?

शालिनी_प्लेनो
आहे. तांबडा रस्सा तुम्ही करून आणणार असाल तर.